टॅक्स सगळ्यांना सारखाच, मग अन्याय कसला?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत ट्रक चालवतो, गाडी स्वतःचीच आहे त्याची. तो म्हणतो तिथे राज्य सरकारने टॅक्स लावला की ट्रक कंपन्या सरळ कोर्टात जातात. टॅक्स सगळ्यांना सारखाच असेल तर भांडण कशाचं? आणि जिंकतात का कधी?

उत्तर : जिंकतात, पण दर वेळी नाही. आणि ताई, सगळी मेख त्या "सारखाच" मध्येच आहे. पेनसिल्व्हेनियाने 1980 च्या दशकात जड ट्रकवर अ‍ॅक्सलमागे, म्हणजे चाकं जोडणाऱ्या प्रत्येक आसामागे, वर्षाला 36 डॉलर लावले, म्हणजे पाच अ‍ॅक्सलच्या गाडीला 180. आता समजा एक गाडी त्या राज्यात वर्षाला 50 हजार मैल पळते आणि दुसरी बाहेरची, नुसती आरपार जाणारी, तिचे तिथले 5 हजारच होतात, पैसे मात्र दोघींना तेवढेच, म्हणजे दुसरीला मैलामागे दहापट पडले की! वर त्या राज्याने आपल्याकडच्या गाड्यांची रजिस्ट्रेशन फी तेवढी कमी करून टाकली. याचा मला खरंच राग येतो, कारण घरच्यांच्या खिशाला हातच लागला नाही. 1987 ला सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी हा टॅक्स रद्द ठरवला. कोर्टाने विचार असा केला की उद्या प्रत्येक राज्याने हेच केलं तर दहा राज्यांतून माल नेणारा दहा वेळा भरणार आणि एकाच राज्यात फिरणारा एकदाच, मग राज्याराज्यांतला व्यापार चालायचा कसा?

मिशिगनमध्ये मात्र 2005 ला ट्रकवाले हरले, तेही एकमताने. तिथे गाडीमागे वर्षाला 100 डॉलर फी होती, पण राज्यातच माल उचलून राज्यातच उतरवणाऱ्या गाडीला, नुसतं आरपार जाणाऱ्याला नाही. मला हा निकाल पटतो.

रोड आयलंड या राज्याने पुलांच्या दुरुस्तीसाठी 2018 पासून फक्त मोठ्या ट्रकवर टोल घेतला, 2022 ला खालच्या कोर्टाने तो थांबवला, पण डिसेंबर 2024 मध्ये अपील कोर्ट म्हणालं टोल चालेल, दिवसाला अमुकच टोल ही जी कमाल मर्यादा होती ती नाही चालणार, कारण तिचा फायदा जास्त करून तिथल्याच गाड्यांना होत होता.

तेव्हा भाच्याला सांगा, टॅक्स किती आहे ते नंतर बघ, आधी बघ तो मैलावर लावलाय का गाडीवर.