आधी वारा ठरव, मग जहाजं काढ

तुझं समुद्री लढाईचं कच्चं रेखाटन पाहिलं. जहाजं झकास आलीत, पण शिडं उजवीकडे फुगलीत आणि तोफांचा धूर डावीकडे चाललाय! कागदाच्या कोपऱ्यात आधी वाऱ्याचा बाण काढ. निशाणं, शिडं, धूर, सगळ्यांनी त्याचंच ऐकायचं.

सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराची, थोरल्या विलेम व्हान द वेल्दची रेखाटनं शोधून बघ. त्याचा लेक धाकटा विलेम, तोही चित्रकार. लंडनमधल्या ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये या बाप-लेकांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. १६६६च्या जूनमध्ये डच आणि इंग्रज आरमारं चार दिवस झुंजली, तेव्हा हा थोरला गडी लहानशा गलबतात बसून रेखाटत होता. पेन्सिलीच्या भराभर रेषा, वर करडा पातळ वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा हात), कुठे जहाजाचं नाव लिहिलेलं. काही चित्रांत त्याने स्वतःचं गलबतही घातलंय. पुढे १६७४मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने बापाला लढायांची रेखाटनं करायला आणि लेकाला ती रंगवायला वर्षाला शंभर-शंभर पौंड बांधून दिले. दोघांना सारखेच, बरं का.

तू मात्र प्रत्येक जहाज वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर काढ आणि सरकवून बघ. एकामागे एक दडली की गर्दी खरी वाटते. क्षितिज खाली ठेव, डोलकाठ्या आभाळात चढू देत.

आणि धुराची जागा आताच राखून ठेव. मी एकदा तो शेवटी घातला आणि दोन आठवडे खपून काढलेले दोरखंड पांढऱ्या रंगाखाली गेले.