वहीतला सिनोनिम मेलमध्ये टाकला आणि फजिती झाली

प्रश्न: ताई, मी बार्शीची, सध्या पुण्यात कस्टमर सपोर्टला आहे. शाळा मराठी मीडियमची, म्हणून व्होकॅब वाढवायला रोज रात्री वीस शब्द वहीत उतरवते, डेफिनिशन, सिनोनिम्स आणि डिक्शनरीतलंच एक वाक्य. रविवारी वही उघडली की निम्मे शब्द अनोळखी वाटतात. त्यात परवा एक कस्टमर फार बारकाईने प्रश्न विचारत होते, त्यांचं कौतुक करावं म्हणून मेलमध्ये त्यांना 'नोझी' म्हटलं, कारण वहीत 'क्युरियस'समोर तोच शब्द होता. टीम लीडने बोलावूनच घेतलं. माझं चुकतंय कुठे?

उत्तर: अगं, आधी पोटभर हसले, सॉरी. नोझ म्हणजे नाक, आणि नोझी म्हणजे नको तिथे नाक खुपसणारा! थोडक्यात तू गिऱ्हाइकाला 'तुम्ही भारी चोंबडे आहात' असं कळवलंस, तेही थँक यू लावून.

सिनोनिम म्हणजे एकाच्या जागी दुसरा बसवता येणारा शब्द, हा समज आधी काढून टाक. मराठीत बघ ना, वारले, गेले, मेला, खपला, देवाघरी गेले, अर्थ एकच, पण शेजारच्या आजोबांबद्दल 'खपले' म्हणून बघ काय होतं ते. हे आपल्याला कुणी यादी देऊन शिकवलं नाही, ऐकून ऐकून कळलं, आणि इंग्लिश तितकं कानावर पडत नाही म्हणून यादी दगा देते. रोजे नावाच्या ब्रिटिश डॉक्टरचा थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र दिलेला कोश, १८५२ साली आला, पण असलं पुस्तक खरं उपयोगी पडतं ते शब्द माहीत आहे पण ऐनवेळी आठवत नाही अशा माणसाला. नवशिक्याला नाही.

तेव्हा सिनोनिमचा कॉलम खोड आणि तिथे लिही, हा शब्द कोणासोबत बसतो आणि चांगल्या अर्थाने येतो की टोमणा म्हणून. टी स्ट्राँग असतो, रेन हेवी असतो, पॉवरफुल टी कुणी पीत नाही. आपल्याकडेही चहा कडक, ऊन कडक, पण पाऊस कडक नसतो ना! आणि वाक्य तुझं स्वतःचं हवं. 'माय लँडलेडी इज नोझी, शी ऑलवेज आस्क्स हू कॉल्ड मी', हे एकदा लिहिलंस की जन्मात विसरणार नाहीस.

डिक्शनरी लर्नर्सवाली घे. मोठ्या डिक्शनरीत एक अर्थ बघायला जा, त्यात आणखी तीन अवघड शब्द भेटतात. लाँगमनने १९७८ मध्ये लर्नर्स डिक्शनरी काढली तेव्हा सगळ्या व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांत बसवल्या, आणि मला तरी तीच पद्धत आवडते. मराठी अर्थ बाजूला लिहिलास तरी चालेल, त्यात कमीपणा कसला.

विसरण्याचं म्हणशील तर तो तुझा दोष नाहीच. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच भराभर उडतं, नंतर गळती मंदावते. तू रोज नवे वीस भरतेस आणि जुन्यांकडे थेट रविवारी बघतेस. सहाच घे. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये अर्थावर हात ठेवून आठव, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने. नुसतं वाचू नकोस हं, वाचताना सगळंच येतंय असं वाटतं.

आणि त्या कस्टमरला आजच सॉरीचा मेल टाक. पुन्हा भारी शब्द शोधत बसू नकोस, 'यू आस्क्ड व्हेरी गुड क्वेश्चन्स' एवढं बास.