टाकी माळ्यावरून खाली काढा

नमस्कार,

मुलगी यंदा बारावीला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेलं, नीटच्या क्लासची फी भरून झालेली, आणि ती म्हणते मला कणभौतिकी शिकायचंय. "जे कण आजवर कुणी डोळ्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यामागे पोरीनं आयुष्य का घालवायचं? तुम्हीच तिला समजवा," असं तुम्ही लिहिलंय.

तिच्या मार्कांची मला काळजी नाही. पत्राच्या शेवटच्या चार ओळींनी मात्र अस्वस्थ केलं. दिवाळीच्या सुट्टीत तिनं माशांची जुनी काचेची टाकी उलटी ठेवली, आत अल्कोहोलमध्ये भिजवलेलं जाड कापड चिकटवलं, खाली कोरडा बर्फ ठेवला आणि अंधार करून टॉर्चच्या उजेडात तुम्हाला बोलावलं. पांढऱ्या बारीक रेघा उमटत होत्या, विरत होत्या. तुम्ही म्हणालात, "यात कण कुठाय? ही तर वाफ." टाकी माळ्यावर गेली, आणि तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. "खूळ उतरलं," असं तुम्ही म्हणता. मला ते उतरलेलं दिसत नाही. तुम्हाला दाखवायचं तेवढं तिनं बंद केलंय.

तुमचा प्रश्न चांगला होता, उत्तर ऐकायला थांबायला हवं होतं. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. अणू त्याहून हजारो पटींनी लहान, आणि प्रोटॉन अणूच्याही लाखाव्या भागाएवढा. त्याचं चित्र हा प्रकाश दाखवूच शकत नाही. मग तो गेल्याची खूण शोधायची. वातावरणात वर तयार झालेला म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, टाकीतून जाताना वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो, त्या भारित अणूंवर गार वाफेचे थेंब धरतात, तीच रेघ. भौतिकशास्त्रज्ञ विल्सन यांनी १९११ मध्ये अशा रेघा टिपल्या, १९२७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९३२ मध्ये अँडरसन यांनी चुंबकीय क्षेत्रात एक रेघ इलेक्ट्रॉनच्या उलट बाजूला वळलेली पाहिली आणि पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा, ओळखला. न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला कण तर रेघही सोडत नाही. पाउलींनी तो १९३० मध्ये सुचवला, सापडायला १९५६ उजाडलं.

'दिसत नाही, म्हणजे त्यात काम नाही,' हा तुमचा समज मला खोडायचाय. कण दिसत नाहीत म्हणूनच तर इतक्या माणसांची गरज लागते. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, आपल्या टीआयएफआरच्या (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या खुणा पकडल्या. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन हा कण सापडला तो त्याच्या विघटनातून उरलेल्या कणांवरून. त्यासाठी वापरलेल्या, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस यंत्राचं वजन सुमारे १४,००० टन, आणि त्याचा काही भाग भारतात तयार झालाय. अशी यंत्रं इलेक्ट्रॉनिक्सवाले, निर्वात-तंत्र जाणणारे, सॉफ्टवेअर लिहिणारे उभी करतात.

आणि इथे मला तुमच्या दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटलेली वाटते. तिनं जाड पुस्तक मागितलं नाही, टाकी जुळवली. कदाचित तिचा जीव समीकरणांपेक्षा यंत्रात असेल. तसं असेल तर अभियांत्रिकी भौतिकशास्त्र किंवा इन्स्ट्रुमेंटेशनही बघा. तिथून या क्षेत्रात जाता येतं आणि बाहेरही नोकरी मिळते. शुद्ध संशोधनात पीएच.डी.पर्यंत दहाएक वर्षं जातात, कायमची जागा मिळेलच असं नाही. हे तिलाही स्पष्ट सांगा.

मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या: आयसरसाठी आयएटी, भुवनेश्वरच्या नायझर आणि मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट. दोन्ही फॉर्म भरा. नीट द्यायची की नाही ते तिला ठरवू दे. क्लासची फी मात्र तिला ऐकवू नका, ती तिनं मागितली नव्हती.

तोवर टाकी खाली काढा. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो, जाड हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. तोच प्रश्न तिला पुन्हा विचारा. रेघा दिसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवून बसा.