रेवस ते रेडी पायी: आधी तिथी बघा, मग किलोमीटर

रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत कोकण किनाऱ्याने एकट्याने, डिसेंबर-जानेवारीत, रोज २५ किलोमीटर, पाठीवर तंबू. जमेल का आणि दिवस कसा जातो, असं तुम्ही विचारलंय. जरूर चाला. ऋतू अगदी बरोबर निवडलाय. फक्त ते रोजचे २५ किलोमीटर वहीतून खोडा, कारण इथला दिवस भरती-ओहोटीवर बेतावा लागतो.

कोळ्यांचा साधा हिशेब आहे: पक्षातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण चालणाऱ्याला एवढं पुरतं. म्हणजे अमावास्येपासून पंचमीपर्यंत ओहोटी सकाळी साडेपाच ते दहाच्या दरम्यान लागते, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांब मागे गेलेलं असतं. ओली पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, टणक असते, पाय रुतत नाही, ऊन चढायच्या आत दिवसाचं बरंचसं अंतर कापून होतं. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो. तेव्हा सकाळी भरती, त्यामुळे वरच्या कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात, आणि पुळण मोकळी होते ती भर दुपारी. म्हणून मार्गशीर्ष अमावास्येला रेवस सोडा. आठवड्याभरात श्रीवर्धन-हरिहरेश्वरला पोचाल. भांगाचे दोन दिवस तिथेच पाय सोडून बसा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मात्र गावातल्या माणसाने ‘आता जा’ म्हटल्याशिवाय करू नका. तिथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत.

दुसरी गोष्ट खाड्यांची. आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, एवढ्या ठिकाणी फेरीबोट आहे. वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा, कारण दाभोळची बोट चुकवून रस्त्याने जायचं म्हटलं तर थेट चिपळूणकडून वळसा. दक्षिणेला बहुतेक खाड्यांवर पूल झालेत. देवबागहून भोगव्याला मात्र होडीने उतरण्यातच मजा आहे. खरा धोका मोठ्या खाड्यांचा नाही, लहान मुखांचा आहे. ओहोटीला गुडघाभर पाणी दिसतं, पलीकडची पुळण हाकेच्या अंतरावर, आणि मध्ये गेल्यावर चिखलात पाय अडकतो किंवा ओढ लागते. पाठीवर ओझं असलेल्या एकट्या माणसाने अशा ठिकाणी उतरूच नये. थांबा, हाक मारा. खाडीकाठी कुणी ना कुणी होडीवाला असतोच.

पुळण संपली की कडा येतो आणि पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, चढावं लागतं. सड्यावर सावली नाही, कातळ तापलेला, पाणी नाही. दुपारी बारा ते साडेतीन सड्यावर पाऊल टाकू नका, गावातल्या देवळात पडा. पण सडा टाळूही नका. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला अवाढव्य हत्ती आहे. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेषा दिसतात, चार पावलं मागे सरकत गेलं की सोंड उमगते, मग पोटात कोरलेले इतर प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांच्यावर बूट घालून चालू नका, एवढं कळकळीने सांगतो.

तंबू घरी ठेवा. एक तर नोव्हेंबर ते मार्च हा कासवांचा विणीचा काळ. वेळास, केळशी, आंजर्ले या किनाऱ्यांवर मादी रात्री अंडी घालायला वर येते आणि उजेड दिसला तर न घालताच परत फिरते. तुमचा हेडलॅम्प तिथे नको. दुसरं, १९९३ मध्ये मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला उतरली, तेव्हापासून इथली गावं रात्री किनाऱ्यावर दिसणाऱ्या परक्या माणसाबद्दल सावध असतात. त्यांचं चुकत नाही. आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा, विचारलं तर नीट सांगा, कुठून आलात, कुठे निघालात. विश्वास बसला की तोच माणूस पुढच्या गावातल्या मेव्हण्याला फोन करून तुमच्या जेवणाची सोय लावतो.

मुक्काम घरगुती राहायच्या सोयीत किंवा देवस्थानाच्या भक्तनिवासात. नर्मदा परिक्रमेसारखी सदावर्ताची परंपरा इथे नाही, त्यामुळे कुणी फुकट वाढेल अशी अपेक्षा नको. पैसे विचारून द्या. जेवण दुपारसाठी सकाळीच सांगून ठेवावं लागतं, आयत्या वेळी नुसता चहा मिळेल. सिंधुदुर्गात शिरलात की सकाळी पेज मागा. चालणाऱ्याला त्याहून चांगलं काही नाही, मीठही पोटात जातं.

मालवणच्या बाजूला पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं, ओढताना दिसली तर ओलांडून जाऊ नका. दोन रांगांत माणसं दोर कमरेला लावून मागे मागे सरकत असतात, त्यात म्हातारेही असतात. पिशवी खाली ठेवा, विचारा, आणि सांगतील त्या दोराला हात लावा. तास-दोन तास जातील. त्या दिवशीचे किलोमीटर कमी झाले तरी चालतील.

पायात बूट नकोत, पट्ट्यांची सँडल घ्या. बुटात वाळू आणि खारं पाणी गेलं की फोड ठरलेले. पुळण समुद्राकडे उतरती असते, दिवसभर एकच पाय खाली पडतो आणि आठवड्याने गुडघा बोलायला लागतो; म्हणून अधूनमधून माडांच्या आतल्या पाणंदीने चाला. आणि मुरूड दोन आहेत, एक जंजिऱ्याजवळचं, एक दापोलीचं. खोली सांगताना तालुका सांगा.