वाचक विचारतात : ब्लॅक होल काळं, मग भडका कसला?

प्रश्न : आमच्या गच्चीवर 6 इंची दुर्बीण आहे. मुलगी नववीत आहे, ती धनू राशीकडे दुर्बीण लावून बसते आणि विचारते की बाबा, ब्लॅक होलमधून उजेडही सुटत नाही ना, मग बातम्यांत तिथल्या ब्लॅक होलचे फ्लेअर, म्हणजे भडके, कसे काय दिसले? मला काही सांगता आलं नाही. आणि सासूबाईंचा वेगळाच प्रश्न, ते भडके आपल्यापर्यंत आले तर? — एक वाचक, इंदूर

उत्तर : हे ब्लॅक होल म्हणजे सॅजिटेरियस ए-स्टार, धनू राशीच्या दिशेला, आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी. मुलीची शंका एकदम बरोबर आहे, आतून काहीच येत नाही. चमकतो तो बाहेरचा माल, म्हणजे आत पडायच्या आधी भोवती गरगरणारा तापलेला गॅस. त्यातल्या चुंबकीय रेषा पिळल्या जातात, ताणल्या जातात, तुटतात आणि नव्याने जुळतात, तेव्हा इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात आणि मोठा भडका उडतो तो बहुतेक असाच.

आता तुमच्या गच्चीवरून हे का दिसत नाही, तर मधे 26 हजार प्रकाशवर्षं अंतर आणि त्यात धूळच धूळ. तिथून आपल्या दिशेने साध्या उजेडाचे एक लाख कोटी फोटॉन (उजेडाचे कण) निघाले तर त्यातला एखादाच पोचतो. इन्फ्रारेड बऱ्यापैकी येतं, एक्स-रे पण येतात, पण एक्स-रे आपली हवाच अडवते, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. 1999 मध्ये अवकाशात गेलेल्या चंद्रा या एक्स-रे दुर्बिणीला सॅजिटेरियस ए-स्टारवर मोठा भडका नसताना साधारण तीन मिनिटांत एक फोटॉन मिळतो. एक! (असली नोकरी आपल्याला जमली नसती बुवा.) आणि ऑक्टोबर 2000 मध्ये तेच अचानक 45 पट उजळलं, आणि मधेच दहाएक मिनिटांत पाचपट मंदावलं पण.

खरी गंमत त्या दहा मिनिटांत आहे. अनंत चतुर्दशीला आपल्या इंदूरच्या झांक्यांची, म्हणजे दिव्यांनी सजलेल्या गाड्यांची, रांग आठवा. समजा पुढच्या गाडीने मागे ओरडून निरोप दिला की दिवे बंद करा, तर निरोप शेवटच्या गाडीपर्यंत जायला वेळ लागणारच ना, आणि सगळी रांग दोन मिनिटांत विझली तर ओळखायचं की रांग छोटीच होती. इथे निरोप्या प्रकाशापेक्षा जोरात पळू शकत नाही, म्हणजे भडक्याची जागा दहा प्रकाशमिनिटांपेक्षा मोठी नाही, फार तर 18 कोटी किलोमीटर, पृथ्वी-सूर्य अंतराहून जरासंच जास्त. एवढ्या लांबून, एवढ्या फोटॉनांवर, जागा मापून मोकळे!

जेम्स वेब या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीने 2023-24 मध्ये आठ-दहा तासांच्या बैठका करत एकूण 48 तास हेच बघितलं. दिवसाला पाच-सहा मोठे भडके, आणि मधल्या वेळात लुकलुक चालूच, सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या कढईसारखं, शांत असं कधी नाहीच. शिवाय दोन वेगळ्या तरंगलांबींवर एकाच वेळी बघितलं तर लांब तरंगाचा उजेड 40 सेकंदांपर्यंत मागे पडत होता. इलेक्ट्रॉनची ऊर्जा उतरत जाते ती अशी दिसते म्हणे.

मुलीला मे महिन्यात पहाटे दोन-अडीचला उठवा, तेव्हा ती जागा दक्षिणेला 38 अंश वर असते (जूनमध्ये मध्यरात्रीच येते, पण तोवर पाऊस). ब्लॅक होल नाही दिसणार, पण जवळच लगून नेब्युला (वायूचा चमकता ढग) आहे, तो 6 इंचीत मस्त दिसतो.

सासूबाईंना सांगा, घाबरू नका. 2023 मध्ये आयएक्सपीई या एक्स-रे दुर्बिणीने ब्लॅक होलजवळच्या वायूढगांवर आपटून, लांबच्या वाटेने उशिरा आलेले एक्स-रे तपासले, तर कळलं की आपल्या हिशेबाने साधारण 200 वर्षांपूर्वी हेच ब्लॅक होल आजच्यापेक्षा लाखो पटींनी उजळलं होतं. तेव्हा इथे इंदूरच्या राजवाड्यात होळकर होते, आणि कोणाला पत्ताही लागला नाही.