भावाचे आकडे आणि तुमची टेकडी

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुम्ही लिहिता की, पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित बालभारती–पौड फाटा रस्त्याला तुमचा विरोध आहे आणि धाकट्या भावाचा पाठिंबा. गेल्या महिन्यात जेवताना त्यांनी ‘ताई, तू भावनेच्या भरात बोलतेस, मी आकडे पाहून बोलतो’ असे सुनावले, तेव्हापासून अबोला आहे, आणि आता तुम्हालाच शंका येते की आपले मत म्हणजे नुसती भावना तर नव्हे.

भावना आहे, नुसती नाही. आणि भावाचे मतही त्याच मातीत उगवलेले आहे. लहानपणी वडिलांचे बोट धरून तुम्ही त्या टेकडीवर जात होता, असे तुम्ही सुरुवातीला लिहिले आहे. आणि पार शेवटी, वडिलांना रुग्णालयात नेताना भावाची गाडी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या कोंडीत अडकली होती, हे ओझरते येऊन जाते. तुमचा भूजलाचा आणि त्यांचा वाहतुकीचा, हे मुद्दे खोटे नाहीत, पण ते तुम्हा दोघांनाही मागाहून सापडले असावेत. (आवाज चढवणाऱ्या पुरुषाला आपल्याकडे भावनाप्रधान म्हणत नाहीत, हे जाता जाता नोंदवते.)

आकड्यांचा भरवसाही बेताचाच धरावा. अमेरिकेत डॅन काहान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या प्रयोगात सारखेच आकडे काहींना त्वचेच्या मलमाचा गुण म्हणून दाखवले, तर काहींना बंदूकबंदीचा गुन्ह्यांवरील परिणाम म्हणून. मलमाच्या बाबतीत गणितात तरबेज असलेल्यांनी अधिक अचूक उत्तरे दिली. बंदुकांचा विषय येताच उत्तरे राजकीय कलाप्रमाणे फुटली, आणि ही फूट गणित चांगले असणाऱ्यांतच अधिक रुंद निघाली. बुद्धीने मनाचे वकीलपत्र घेतले होते.

तरीही भावना वगळून निर्णय होत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेला, बुद्धी शाबूत असलेला एक रुग्ण भेटीच्या दोन तारखांतून एक निवडताना जवळजवळ अर्धा तास फायदे-तोटेच मोजत बसला होता, असे मेंदूविकारतज्ज्ञ अंतोनियो दमासिओ यांनी नोंदवले आहे.

म्हणून स्वतःला एवढेच विचारा: भूजलाला धक्का लागणार नाही असे उद्या खात्रीने सिद्ध झाले, तर तुमचा विरोध मावळेल का? मावळणार नसेल, तर भूजलाची ढाल बाजूला ठेवून, टेकडी मला प्रिय आहे, असे सरळ सांगा. तेही एक कारणच आहे. कोंडी पुढच्या चौकात सरकणार असेल तर तुझे मत बदलेल का, हा प्रश्न भावालाही विचारा, पण आधी स्वतःचे उत्तर देऊन.

एखाद्या सकाळी त्यांना टेकडीवर घेऊन जा. आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांच्या शेजारी बसून लॉ कॉलेज रस्त्याने या; तेवढे त्यांचे देणे तुम्ही लागता.

तुमची,
ताई