रत्नागिरीत समुद्रकाठच्या घराला वीज देणारी खिडकीची काच लावावी का?

पश्चिमेला चार बाय चार फुटांच्या तीन खिडक्या आहेत, समोर समुद्र आहे, तिथे अर्धपारदर्शक सोलर काच लावून वीजबिल भागेल का, असं तुम्ही विचारलंय. बिल भागणार नाही. पण तिथे नाहीतरी टिंटेड काच घालणार असाल, तर तिच्या जागी ही जरूर लावा.

काच जेवढा उजेड आत सोडते, तेवढी वीज हातची जाते. अशा काचेत कॅडमियम टेल्युराइड या उन्हातून वीज करणाऱ्या पदार्थाचा पातळ थर असतो, आणि उजेड आत यावा म्हणून तो लेझरने बारीक रेघांमध्ये खरवडलेला असतो. डोळा जवळ नेला तर फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात, दोन पावलं मागे सरकलात की नुसती धुरकट काच. ४० टक्के उजेड सोडणारी काच चौरस मीटरला साधारण ८० वॉट धरा. तुमची एक खिडकी दीड चौरस मीटर, म्हणजे १२० वॉट, तेही ऊन समोरून पडलं तर. पश्चिमेला ते दुपारनंतरच येतं, त्यामुळे स्वच्छ दिवशी खिडकीमागे पाव युनिट समजा. तेवढ्यावर २८ वॉटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा, पंखा नऊ तास चालेल. तेवढ्याच आकाराचं साधं सोलर पॅनेल छपरावर दक्षिणेकडे १७ अंश कलतं ठेवलं तर रोज युनिटभर देतं. म्हणून आधी छप्पर.

आपल्याकडे या काचेचा खरा शत्रू म्हणजे कडेतून शिरणारं पाणी. चौकटीत पाणी साचलं की ते दोन काचांमधल्या थरात शिरतं, कोपऱ्यात दुधी डाग उमटतो आणि पावसाळी सकाळी इन्व्हर्टर इन्सुलेशनचा फॉल्ट दाखवून बंद पडतो. काच रबरी ठोकळ्यांवर टेकवा, चौकटीच्या तळाला ८ मिलिमीटरची भोकं ठेवा. आंबट वासाचं सिलिकॉन अजिबात नको, न्यूट्रल प्रकारचंच घ्या. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, आणि ॲल्युमिनियमला लागतात तिथे नायलॉनचा वॉशर. काच घेताना खाऱ्या हवेची आयईसी ६१७०१ चाचणी झाल्याचा कागद मागा. पेरोव्स्काइट या नव्या सोलर पदार्थाची काच कोणी स्वस्तात देऊ केली तरी थांबा, तिला दमट हवा सोसत नाही.

सरकती खिडकी नको, वायर वाकून वाकून तुटते. गज आतून बसवा, म्हणजे त्यांची सावली काचेवर पडणार नाही. वळचणीची सावली आडवी पडते, म्हणून सेलच्या, म्हणजे वीज करणाऱ्या भागांच्या, पट्ट्या उभ्या हव्यात. सावली आडव्या पट्टीवर पडली तर एक सेल पूर्ण झाकला जातो आणि सगळ्या काचेचा करंट अडतो. या काचेचं व्होल्टेज शंभराच्या घरात असू शकतं आणि एकेका पॅनेलला लावायच्या छोट्या इन्व्हर्टरची, म्हणजे बऱ्याच मायक्रोइन्व्हर्टरची, मर्यादा ६० व्होल्ट असते. दोन्हींच्या लेबलवरचे आकडे जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका.

दिवाळीपासून मेपर्यंत पाऊस नसतो आणि मिठाचा थर बसतो. पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने धुवा, पण सकाळी, काच गार असताना. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो.